खुलानाम्यात कर्जाची ओळ का नाही?

माझ्या खुलानाम्यात एका स्टीलच्या कपाटाची नोंद आहे. कपाट, दोन तांब्याची पातेली, शिलाई मशीन, साडेतीन तोळे सोनं आणि मी सोडून दिलेली मेहरची रक्कम. 2019च्या डिसेंबरात जमातीच्या कार्यालयात पाच बुजुर्ग बसले होते. पातेली कुणाच्या माहेरची यावर चांगली वीस मिनिटं गेली. पुण्यातल्या फ्लॅटवर आम्हा दोघांच्या नावानं 28 लाखांचं कर्ज होतं. त्याबद्दल त्या कागदावर एक शब्द नाही.

मी विचारलं नव्हतं असं नाही. हाजीसाहेब म्हणाले, "बेटा, व्याजाचा मामला आहे. तो खुलानाम्यात कसा आणायचा? ते तुम्ही आपसात बघून घ्या." मला त्या दिवशी फक्त सुटायचं होतं. मी मान डोलावली.

"आपसात बघून घ्या" याची किंमत मला गेल्या वर्षी कळली. मी शिक्षिका आहे, हातात 52,000 रुपये येतात. अम्मीला घेऊन राहायला मिरजेत एक लहानसा फ्लॅट पाहिला आणि 18 लाखांच्या कर्जासाठी बँकेत गेले. साहेब सभ्य होते. संगणकाकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुमचं एक गृहकर्ज चालूच आहे की." पुण्याचा हप्ता 24,300. नवा हप्ता 15,600च्या आसपास. दोन्ही मिळून 39,900, म्हणजे पगाराच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. बँका साधारण निम्म्यापर्यंत मान्य करतात. शिवाय 2021 साली त्याचे दोन हप्ते थकले होते, ते माझ्याही सिबिलवर नोंदलेले. ज्या घराची किल्ली माझ्याकडे नाही, ज्यात आता त्याचा दुसरा संसार आहे, त्या घराचे हप्ते कुणी चुकवले याचा हिशेब माझ्या नावावर.

मी खुलानामा पुढे केला. त्यांनी वाचला, परत दिला. "हे तुमच्या दोघांमधलं आहे, मॅडम. बँक यात नाही."

राग आला, पण त्यांचं चुकलेलं नव्हतं. 1872च्या करार कायद्याचं 43वं कलम सांगतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर घेणेकरी कुणाही एकाकडून पूर्ण वसुली करू शकतो. कोर्टाच्या तलाकच्या हुकुमात "हप्ते नवऱ्यानं भरावेत" असं लिहिलेलं असलं तरी बँक त्या दाव्यात पक्षकार नसते आणि तिचा मूळ करार तसाच राहतो. हे आमच्या शिकल्यासवरल्या बायकांनाही माहीत नसतं. मला नव्हतं.

आता आपल्याविषयी. 1985च्या शाहबानो निकालापासून आपण तलाकवर भांडतोय. 1986चा कायदा आला, 2017चा निकाल आला, 2019चा कायदा आला. तलाक कसा उच्चारला, किती वेळा उच्चारला, यावर टीव्हीवरच्या प्रत्येकाला मत होतं. मीही हिरिरीनं लेख लिहिले आहेत. सातबारा, फ्लॅट, कर्जखातं कुणाच्या नावावर राहतं, हा प्रश्न ना मौलानांनी विचारला, ना आम्हा सुधारकांनी. निकाह तुटल्यावर बाईला राहायला घर लागतं. आमची वादावादी मात्र तीन शब्दांपाशीच थांबली.

व्याजाचं म्हणाल, तर तो संकोच मी समजू शकते. पण आपल्या मोहल्ल्यात गृहकर्ज नसलेली नोकरदार घरं मोजून दाखवा. बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही असं रिझर्व्ह बँकेनं 2017 सालीच स्पष्ट केलं. कर्ज घ्यावं की नाही हा वाद कर्ज घेतलं त्या दिवशीचा. विभक्त होताना ते देणं असतं. आणि देण्याबद्दल कुरआन काय सांगतं? कुरआनमधली सगळ्यांत लांब आयत, सूरह बकराची 282वी, नमाजवर नाही, रोज्यावर नाही, ती देणं लिहून ठेवण्यावर आहे. मुदत लिहा, लिहिणारा न्यायानं लिहिणारा असू द्या, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. पातेली लिहिणाऱ्यांनी 28 लाख वगळले, तेही दीनच्या नावानं!

मैत्रिणी विचारतात, मग तू सही केलीसच कशाला? दोन पगार दाखवले म्हणून कर्ज मंजूर झालं, आयकरात दोघांना वजावट मिळाली, आणि घराच्या कागदावर माझंही नाव लागलं. मुलींनी सही करू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. नाव सोडलं तर हातात काहीच उरत नाही. पण त्याच नावामुळे आज मी कागदोपत्री पक्क्या घराची मालकीण आहे, म्हणून पंतप्रधान आवास योजनेच्या दारातूनही परत फिरायचं.

तो माणूस दुष्ट नाही, हेही लिहायला हवं. त्याचा पगार आता वाढला आहे, एकट्याच्या नावावर कर्ज करून घेणं त्याला जमण्यासारखं आहे. फोन केला की "या महिन्यात करतो" म्हणतो. त्याला घाई नाही, कारण अडलेली मी आहे. बँकेलाही घाई नाही, दोन माणसं बांधलेली असताना ती एकाला कशाला सोडेल? सहा वर्षं हप्ते भरले गेले आहेत, घराची किंमत वाढली आहे, तरी एकट्या कर्जदाराची कुवत नव्यानं तपासायची तर अर्ज त्याचाही लागतो. म्हणजे माझी सुटका त्याच्या सवडीवर.

आणखी एक गोष्ट, जी वकिलानं मला चार वर्षं उशिरा सांगितली. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोनं एकमेकांना बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. खुला झाल्यावर आम्ही नवरा-बायको उरलो नाही. आता माझा हिस्सा त्याच्या नावे करायचा तर बाजारभावानं शुल्क, लाखांत. बँकेची संमती तेव्हाही लागली असतीच, पण खुलानाम्यावर सह्या व्हायच्या आधी एक महिना थांबून हे कागद करा, असं त्या पाचांपैकी एकानं म्हटलं असतं तर!

गेल्या जुम्म्याला मी हाजीसाहेबांकडे एक कागद घेऊन गेले. त्यावर खुलानाम्यात आणि तलाकनाम्यात घालायचा मजकूर आहे: दोघांच्या नावावरची कर्जं, खातं क्रमांक आणि शिल्लक रकमेसह, प्रत्येक कर्ज कोण फेडणार, किती महिन्यांत ते एकाच्या नावावर होईल, न झाल्यास घर विकून कर्ज फेडायचं, आणि बँकेत एकत्र अर्ज दिल्याची पोच जोडल्याशिवाय जमातीचा शिक्का नाही. यानं बँक बांधली जात नाही, पण बाईला दाद मागायला कागद हातात राहतो.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "व्याज हा शब्द कुठं नाही ना यात?" विचारलं. नाही म्हटलं. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. पुढच्या बैठकीत दोन प्रकरणं आहेत. त्यातली एक मुलगी माझी विद्यार्थिनी होती, आणि तिच्या नावावरही फ्लॅटचं कर्ज आहे.