गाणं जिना चढून वर जाऊ दे

चौदा एप्रिलला आपल्या गल्लीत डीजेची भिंत उभी राहते. छाती हादरते, खिडक्यांच्या काचा वाजतात. त्याच गल्लीत तिसऱ्या माळ्यावर खाटेला खिळलेली म्हातारी कानावर हात दाबून भिंतीकडे तोंड करते. तिनं पोटाला चिमटा घेऊन चाळीस वर्षं जयंतीची वर्गणी दिली. तिच्या वाट्याचं गाणं कुठाय?

१९७४ ला वरळीच्या दंगलीत जी पोरं विशीत होती, ती आज सत्तरी ओलांडून गेलीत. नामांतरात लाठ्या खाल्लेले तसेच. त्यातल्या काहींना आता पोटचा पोरगा ओळखू येत नाही. घरातले म्हणतात, म्हाताऱ्याला चळ लागला. चळ नाही बाबांनो, आजार आहे. स्मृतिभ्रंश. २०२३ साली छापून आलेल्या देशभरच्या पाहणीत साठीपुढच्या शंभरातले सात-आठ जण त्यात सापडले, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत जास्त. खेड्यात जास्त. शाळा न पाहिलेल्यांत जास्त. शाळा कुणी पाहू दिली नाही, हे मी सांगायला पाहिजे का?

पण नाव विसरलेला माणूस गाणं विसरत नाही, निदान लवकर नाही. जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की ओळखीचं गाणं मेंदूच्या ज्या भागात साठतं तो भाग या आजारात बराच उशिरा झिजतो. गाण्यानं आजार बरा होत नाही, कुणी तसं सांगत असेल तर तो भोंदू. पण जीव निवतो, उदासी थोडी उतरते. तेवढंही आपण देत नाही.

म्हणाल, मोबाइल लावून ठेवू उशाशी. मोबाइलला डोळे आहेत का? समोर बसलेला गायक म्हाताऱ्याचा चेहरा बघतो. ओठ हलले की चाल धिमी करतो, ऐकू कमी येतं म्हणून जवळ सरकतो, दचकला की ढोलकी थांबवतो, तीच ओळ दहा वेळा घेतो. वामनदादा कर्डक गावोगाव हिंडून, माणसांत बसून गायले. त्यांना कुठं होती स्पीकरची भिंत?

आणि चाळ जातेय. बीडीडीच्या १६० चौरस फुटांत घुसमट होती, खोटं कशाला बोला. पण दार उघडं असायचं, गॅलरीतलं गाणं खाटेपर्यंत यायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. हक्काचं घर मिळालं, ठीक. टॉवरचं दार बंद झालं की खालचं गाणं खालीच राहतं.

तर गायनपार्टीनं वर जावं. दोघंच जण, अर्धा तास, दर आठवड्याला, ठरल्या वारी. संध्याकाळी नको, दिवस कलला की ही माणसं बावरतात. घरच्यांना आधी विचारा, विशीत काय गायचे. कुणाला भीमगीत, कुणाला तमाशातली लावणी. आयांना ओवी विचारा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यात बाबासाहेबांवरच्याही ढीगभर आहेत. त्या रचणाऱ्या बायांना अक्षर येत नव्हतं.

गायकाला पैसे द्या. 'समाजकार्य' म्हणून फुकट राबवायचं, ही खोड आपल्यातही घुसलीय. इंग्लंडात येहुदी मेन्युइन या व्हायोलिनवाल्यानं जोडीदाराबरोबर १९७७ साली संस्था काढली, तरुण वादकांना मोबदला देऊन अशा माणसांपर्यंत धाडायला. त्यांना ते सुचलं. आपल्या तर गल्लीगल्लीत गळे आहेत. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती आठवडे निघतील, मंडळाच्या वहीत आकडा मांडून बघा.

गोदीत मी पन्नास किलोची गोण पाठीवर घेतो. पेटी त्यापुढं काय? रविवारी मला सुट्टी असते. लिफ्ट बंद असेल तर पेटी मी चढवतो, गाणारा तुम्ही शोधा.