लकवा, श्रमिक आणि पंधरा दिवसांची सरकारी जबाबदारी

अमळनेर तालुक्यातील एखाद्या शेतमजुराला लकव्याचा झटका आला की त्याला धुळ्याला न्यायचे की जळगावला, याचा खल घराच्या ओट्यावर होतो. धुळे जवळ, जळगाव जिल्ह्याचे ठिकाण. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये दोन्हीकडे आहेत, जळगावचे २०१८ साली सुरू झाले. रुग्ण वेळेत पोहोचला तर जीव वाचतो. आठ-दहा दिवसांनी तो घरी येतो तेव्हा एक हात लोंबता असतो, एक पाय ओढावा लागतो, जीभ जड झालेली असते. निघताना त्याला सांगितलेले असते, ‘व्यायाम करा, चालत राहा.’ हा सल्ला शास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे आणि सामाजिक दृष्टीने निर्दय आहे.

अचूक अशासाठी की मेंदूतील मेलेल्या पेशी परत येत नसल्या तरी जिवंत राहिलेल्या पेशी नवी जोडणी करून गेलेले काम काही अंशी उचलू शकतात. मात्र हे आपोआप घडत नाही. पेला उचलणे, खाटेवरून उठणे, उंबरठा ओलांडणे अशा कृती जाणकाराच्या देखरेखीखाली पुनःपुन्हा कराव्या लागतात, आणि त्यांचे सर्वाधिक फळ पहिल्या तीन ते सहा महिन्यांत मिळते. कंपवाताच्या रोग्यांनाही नियमित व्यायामाने चाल व तोल सांभाळता येतो, जरी त्याने रोग बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अपंग व्यक्तींचा स्वतंत्र विचार आहे. भारतात मज्जासंस्थेच्या विकारांमुळे २०१९ साली जेवढे आरोग्य हरपले, त्यातील सुमारे ३८ टक्के वाटा एकट्या पक्षाघाताचा होता. तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा नव्हे.

यावर सुखवस्तू मंडळींचे एक ठरलेले उत्तर असते: खेड्यातल्या माणसाला वेगळा व्यायाम कशाला, तो राबतोच की! दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईचे कष्ट आणि रुग्णाच्या शक्तीनुसार आखलेला, विश्रांतीची जोड असलेला व्यायाम यांतील फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी एक दिवस कपाशीच्या शेतात काढावा. शिवाय अर्धे अंग गेलेल्याला राबण्याची वाट तरी कुठे उरली?

निर्दयपणाचे मूळ पैशाच्या हिशेबात आहे. पंतप्रधान जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देते, पण ते रुग्णालयात दाखल होण्यापुरते. घरी सोडल्यानंतरचा खर्च तिच्यात येतो तो १५ दिवसांचा. मेंदूला सहा महिने लागतात आणि सरकारची जबाबदारी पंधरवड्यात संपते! शस्त्रक्रिया, खाट, तपासणी यांचे दर ठरवता येतात, त्यांची देयके खाजगी रुग्णालयांना चुकती करता येतात. सहा महिने धीराने हात धरून चालवण्यात कोणाला नफा? मग भौतिकोपचारतज्ज्ञाची फी, तालुक्याला जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे आणि सोबत जाणाऱ्या सुनेची बुडालेली मजुरी हे तिन्ही खर्च त्या घरावर पडतात, ज्याची एक मजुरी आधीच गेलेली आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर जाणे थांबते. सरकारदरबारी मात्र तो रुग्ण ‘उपचार पूर्ण’ या सदरात जमा असतो.

कायदा नाही असे नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने कंपवातासारख्या जुनाट मज्जाविकारांना अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले. त्याचे २७ वे कलम पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकते, पण ‘आर्थिक कुवत व विकास’ यांच्या मर्यादेत. ही पळवाट कायद्यातच बांधून ठेवलेली आहे. कुवत ठरवणार कोण? ज्या शासनाने २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे वचन दिले आणि पाळले नाही, तेच!

मग कुटुंबाच्या सेवाभावाकडे बोट दाखवले जाते. नातेवाइकांना व्यायाम शिकवून भागेल का, याची रीतसर परीक्षा भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबन यांच्या प्रमाणात नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फरक आढळला नाही. घरच्यांच्या मायेत कसर होती असे कोणी म्हणणार नाही. फक्त माया हा प्रशिक्षित मनुष्यबळाचा पर्याय नाही. साने गुरुजींच्या कर्मभूमीत सेवाभावाचे गोडवे गाणे फार सोपे. पण १९४७ साली पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडावे म्हणून गुरुजी उपोषणाला बसले, ते दया मागण्यासाठी नव्हे.

ही पोकळी रिकामी राहत नाही. कबुतराचे रक्त, मंतरलेले तेल, झाडपाल्याचा काढा तिच्यात शिरतात. अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्याने देणाऱ्यांनी रुग्णाच्या दारी दुसरे कोण पोहोचते हेही पाहावे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे कंपवाताच्या रोग्यांसाठी नृत्याचे वर्गही चालले. स्तुत्यच आहे. पण शहरी मध्यमवर्गाने स्वतःपुरते उभे केलेले असे काम बोरीकाठच्या मजुराच्या वाट्याला आपोआप येत नाही.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून कागदावर आहे. त्यानुसार आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून दोनदा वृद्धांचा दवाखाना, भौतिकोपचाराचा विभाग आणि खाटेला खिळलेल्या वृद्धांच्या घरी पुनर्वसन कर्मचाऱ्याची भेट अपेक्षित आहे. अमळनेरच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून चार गोष्टी विचाराव्यात: पद मंजूर आहे का, भरलेले आहे का, गेल्या वर्षभरात घरभेटी किती झाल्या, कोणकोणत्या गावांत. उत्तर हाती आले की ते ग्रामसभेत वाचून दाखवावे, आणि ज्या गावाचे नाव यादीत नाही तिथल्या लकव्याच्या रुग्णांना बैलगाडीत, रिक्षात बसवून त्या विभागाच्या दाराशी आणावे.