पापणी पडली की छातीही पाहा

म्हसवडच्या दवाखान्यात पडलेली पापणी नवी नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे डोळे उघडेनात म्हणून उचलून आणला, की माण तालुक्यातला डॉक्टर आधी मण्यारीचा विचार करतो आणि तो बरोबरच करतो. निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन कशासाठी जवळ ठेवायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

पण दंश नाही, ताप नाही आणि तीच पापणी महिनाभर फक्त संध्याकाळी पडते आहे, तर? बाई सकाळी खुरपायला जाते, दुपारपर्यंत ठीक असते. दिवेलागणीला एकाचे दोन दिसतात, भाकरी चावता चावता जबडा थकतो. घरचे म्हणतात अशक्तपणा. आपणही म्हणतो अशक्तपणा, आणि सलाईन लावतो. सोबत खोकला असला तर जेंटामायसिन किंवा अमिकासिन टोचतो, आणि मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या रुग्णाचा श्वास अडकायला तेवढे पुरते. मायस्थेनिया म्हणजे काय, हे पेशंटला हाच आजार झालेल्या अमिताभ बच्चनचे नाव घेऊन समजावता येते. अडचण समजावण्याची नसून आपल्याला ते आठवण्याची आहे.

मायस्थेनियाच्या दर शंभर रुग्णांपैकी दहा ते पंधरा जणांच्या छातीत थायमोमा असतो. उलट बाजूने पाहिले, तर थायमोमाच्या साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक रुग्णांना मायस्थेनिया असतो. थायमसला मराठी परिभाषेत ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे सुरेख नाव आहे. तारुण्याबरोबर विरत जाणारी म्हणून आपण ती विसरतो. आणि गाठ येते ती बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान.

‘असला आजार आमच्याकडे कुठला?’ हा नेहमीचा प्रश्न. पाश्चात्त्य नोंदींनुसार दहा लाख लोकांमागे वर्षाला थायमोमाचे एक ते तीन नवे रुग्ण आढळतात. तोच दर सातारा जिल्ह्याच्या तीस लाख वस्तीला लावला, तर वर्षाला तीन ते नऊ. सव्वादोन लाखांच्या माण तालुक्यात चार-पाच वर्षांत निदान एखादा. म्हणजे तीस वर्षे प्रॅक्टिस करणाऱ्याच्या समोरून असा एखादा रुग्ण गेला असण्याची शक्यता चांगलीच आहे. ग्रामीण भागातले कर्करोग घरोघर जाऊन मोजता येतात, हे बार्शीच्या नोंदणीने 1987 पासून दाखवून दिले आहे.

तपासणीला फार काही लागत नाही. हातमोज्यात बर्फ भरून पडलेल्या पापणीवर दोन मिनिटे धरा. पापणी दोन मिलिमीटर वर आली तर संशय पक्का होतो. बर्फ रसवंतीवरही मिळतो. एक्स-रे ‘नॉर्मल’ आला म्हणून मात्र सुटलो असे समजू नये. लहान गाठ उरोस्थीमागे सहज लपते, सीटी लागतोच.

दुसरी चूक याच्या उलटी. एक्स-रेत मधला भाग रुंद दिसतो आणि आपण एकेटी सुरू करतो. क्षयाचे प्रमाण पाहता हा मोह समजण्यासारखा आहे. पण ताप नाही, वजन घटलेले नाही, गाठ पुढच्या मेडियास्टिनममध्ये एकसंध आहे आणि रुग्ण पन्नाशीचा आहे, तर पुराव्याशिवाय सुरू केलेली एकेटी म्हणजे सहा महिने हातचे घालवणे. तरुण मुलगा असेल तर एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच आधी पाठवा. जर्म सेल ट्यूमर आणि लिम्फोमाचा उपचार औषधांनी सुरू होतो, चाकूने नव्हे.

तिसरी गोष्ट सुईची, आणि इथे माझे मत ठाम आहे. सीटीवर थायमोमासारखी दिसणारी, पूर्ण काढता येण्याजोगी गाठ कोणीही ‘जाता जाता’ टोचू नये. आवरण फुटले तर पेशी फुप्फुसाच्या आवरणात सांडतात आणि हा आजार परततो तो बहुधा तिथेच. बायोप्सी काढता न येणाऱ्या किंवा शंकास्पद गाठीसाठी, तीही प्लुरा टाळून. काढता न येणाऱ्या थायमोमाला आधी सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड देऊन लहान करतात, मग शस्त्रक्रिया. थायमिक कार्सिनोमात कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल. नव्या इम्युनोथेरपीचे नाव पेशंटचा मुलगा मोबाइलवर वाचून येतो. त्याला सांगा की थायमोमात तिने हृदयाच्या स्नायूचा दाह ओढवू शकतो, आणि तो जीवघेणा असतो.

सारे भवितव्य पहिल्या शस्त्रक्रियेत गाठ संपूर्ण निघण्यावर टांगलेले आहे. अमेरिकन सर्जन ब्लेलॉक यांनी 1936 मध्ये नॅशव्हिलला मायस्थेनियाच्या एका तरुणीच्या थायमसमधली गाठ काढली, तेव्हापासून तंत्र खूप बदलले. हा नियम नाही बदलला. म्हणून मिरज, कराड, पुणे की परळ हा प्रश्न दुय्यम. थोरॅसिक सर्जन, न्यूरॉलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ जिथे एकत्र बसतात तिथे रुग्ण थेट पाठवा. चार ठिकाणी फिरवू नका. लक्षणे नसली तरी शस्त्रक्रियेपूर्वी ॲसिटिलकोलिन रिसेप्टरच्या अँटिबॉडीज तपासायला चिठ्ठीत लिहा, नाहीतर टेबलावरून उतरलेला रुग्ण व्हेंटिलेटरवरून उतरत नाही.

आणि तो परत आपल्याकडेच येतो. पाच वर्षे झाली म्हणून फाइल बंद करू नये; थायमोमा दहा वर्षांनीही परततो. ‘साधी गाठ होती’ हा शब्दप्रयोग तर आता सोडूनच द्यायला हवा, कारण अगदी तुरळक प्रकार वगळता प्रत्येक थायमोमा घातक धरला जातो.

ज्या वाचकांनी असा रुग्ण पाहिला असेल त्यांनी आम्हाला लिहावे. नाव-गाव नको. पापणी पहिल्यांदा पडली तो महिना आणि छातीचा सीटी झाला तो महिना, एवढेच कळवा.