आरसा हवा की नको?

कॅमेरा घ्यायचे ठरले आणि आमच्या घरात दोन तट पडले. चिरंजीव आरसेवाल्या डीएसएलआरचे, कन्या बिनआरशाच्या मिररलेसची. आणि पैसे देणारा मी अर्थातच तटस्थ!

भांडण आहे ते एवढ्याशा आरशाचे. डीएसएलआरमध्ये भिंगातून आलेला उजेड या आरशावरून डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबले की आरसा खट्‌कन वर उचलला जातो नि फोटो निघतो. मिररलेसमध्ये आत डोकावले तर दिसतो एक चिमुकला पडदा. फोटो उजळ येणार की काळपट, हे त्यात आधीच कळते. नवशिक्याला केवढा दिलासा! कॅननच्या २०१८ सालच्या १५००डी या डीएसएलआरचे वजन ४७५ ग्रॅम, २०२३ सालच्या मिररलेस आर५० चे ३७५. मेगापिक्सेल दोन्हींत चोवीसच. मात्र तो पडदा बॅटरी खातो, हे चिरंजीवांचे म्हणणे खोटे नाही. डीएसएलआरची जुनी भिंगेही स्वस्तात मिळतात. (ती ॲडॅप्टर लावून आर५०लाही बसतात, हे मात्र त्यांनी सांगितले नाही!)

माझी तटस्थता संपली ती आईमुळे. तिने ऐंशी ओलांडली. खटका ऐकला की ती पदर सावरून, ओठ मिटून ताठ बसते; वाती वळताना गुणगुणणारी आई एकाही फोटोत नाही. आर५०चा आवाज बंद करता येतो, आणि माणसाचे डोळे तो आपणहून शोधून धरतो. तेव्हा मिररलेसच. चिरंजीवांसाठी एक जादा बॅटरी घेतली आहे. अजून रुसवा गेलेला नाही.