अंगठा दाखवणे

मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे ठेंगा दाखवणे. मोबाइलवरचा अंगठा मात्र होकाराचा. हे दोन अंगठे किती सख्खे आहेत, ते मला कॅनडात, मिसिसागात कळलं.

इथे २०२४ पर्यंत पाच नागरिक किंवा कायम रहिवासी एकत्र येऊन एखाद्या निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घ्यायला अर्ज करू शकत होते. घरभाडं, किराणा, मुलांची शाळा, सगळी. खासगी पुढाकाराची ही वाट १९७९ पासून व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून आलेल्यांसाठी रुळली. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या, समुद्रात बुडालेल्या चिमुकल्या सीरियन निर्वासित ॲलन कुर्दीचा फोटो जगभर फिरला. मीही तो रडक्या चेहऱ्यासकट पुढे ढकलला आणि दोन दिवस दुसरं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने विचारलं, ‘‘अर्ज भरायचा का?’’ आम्ही पाच जणांनी भरला.

फेब्रुवारीत सीरियाचं कुटुंब आलं. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी कळवलं. अंगठे, जोडलेले हात, लाल बदाम यांचा पाऊस पडला. मग विचारलं, ‘‘मंगळवारी धाकट्याला दातांच्या डॉक्टरकडे कोण नेईल?’’ ग्रुप चिडीचूप.

ही माणसं दुष्ट नव्हेत. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काहींना शहीद सैनिकांच्या स्मरणाचं लाल फूल छातीवर लावायला दिलं, काहींना पाकिटात घालून. पुढे देणगी मागितली तेव्हा पाकिटवाल्यांचा हात अधिक सैल सुटला. चारचौघांत चांगुलपणाची पावती मिळाली की पैसे भरायची घाई उरत नाही.

म्हणून अंगठा वाया गेला असंही नाही. तो फोटो फिरला नसता तर आम्ही पाच जण अर्ज घेऊन बसलो नसतो. पण परक्या देशात उतरलेल्या माणसाला बर्फात गाडी काढणारा कोणीतरी लागतो, बस कुठे बदलायची हे सांगणारा लागतो. बदाम घालून थंडी जात नाही.

त्या रात्री एका काकांचा फोन आला. ग्रुपवर त्यांनी कधी चकार शब्द लिहिला नव्हता. ‘‘मंगळवारी किती वाजता?’’ एवढंच म्हणाले.

अंगठा जरूर उठवा. फक्त त्याच्यापुढे वार आणि वेळ लिहा.