वाहनाचे वंगण आणि व्यापाऱ्याची वही

कार्यकारी मंडळाच्या आग्रहावरून ह्या स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो, तेव्हा तूर-हरभऱ्याच्या भावांसंबंधी लिहावे अशी अनेकांची अपेक्षा होती. परंतु भावांसंबंधी आपण पेठेत रोजच बोलतो. ज्या खर्चासंबंधी आपण कधी बोलत नाही, आणि जो अंगावर आला म्हणजे केवळ कपाळाला हात लावतो, त्या वाहनांच्या देखभालीच्या खर्चासंबंधी आमचे मत सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवावे असे ठरविले.

आमच्या तीर्थरूपांच्या काळी माल बैलगाडीने येई. गाडीवान मुक्काम सोडण्यापूर्वी आसाला एरंडेलाचे वंगण घालीत असे, आणि त्यासाठी मालकाची परवानगी घ्यावी असे त्याच्या मनातही येत नसे. आज आमच्या दारात टेम्पो आहे, मोटार आहे. परंतु ऑईल बदलावयाचे झाल्यास ड्रायव्हरला गादीसमोर उभे राहून विचारावे लागते. आपण म्हणतो, "सुगी होऊ दे, मग बघू." सुगी होते, पुढची येते, आणि बघावयाचे राहून जाते.

हे आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठी लिहीत नाही. 2019 सालच्या मे महिन्यात आमचा टेम्पो डाळीची पोती घेऊन चोर्ला घाटाने साखळीस चालला होता. ड्रायव्हरने त्यापूर्वी दोन वेळा सांगितले होते, "सावकार, ब्रेकचे ऑईल काळे पडले आहे, बदलून घेऊ." आम्ही दोन्ही वेळा पुढे ढकलले, कारण ब्रेक लागत होता, आणि लागत असलेल्या वस्तूवर खर्च कशासाठी, असा आमचा हिशोब. उतारावर ब्रेकचा पाय एकाएकी खाली गेला. त्या गृहस्थाने गियर उतरवीत, हँडब्रेक ओढीत, गाडी डोंगराच्या अंगाला घासून उभी केली. शेजारी बसलेला हमाल वीस-बावीस वर्षांचा होता. दोघेही सुखरूप राहिले. टेम्पोचा डावा पत्रा फाटला, त्याचे आम्हास काही वाटले नाही; परंतु ड्रायव्हर परत आल्यावर आम्हास एक शब्दही बोलला नाही, ते मात्र अजून विसरलो नाही. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या घरातील माणसाने दोन जीव काहीशे रुपयांच्या ऑईलवर टांगले होते.

हे का घडते, ते मागाहून एका जाणत्या मेकॅनिककडून समजून घेतले. ब्रेकचे ऑईल हवेतील ओल शोषून घेते. आपल्या पावसाळी मुलखात ओलीला तोटा नाही. डॉट 3 जातीचे नवे ऑईल 205 अंश सेल्सियसच्या आत उकळत नाही. तेच ओल शिरल्यावर 140 अंशांच्या आसपास उकळू शकते. घाटात सतत ब्रेक दाबल्याने उष्णता वाढते, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पाय नुसताच खाली जातो. सपाट रस्त्यावर हेच ऑईल वर्षानुवर्षे चांगले वाटते. म्हणून ते साधारणतः दोन वर्षांनी, लागत असो वा नसो, बदलावे. उतारावर ब्रेकवर उभे न राहता खालच्या गियरमध्ये चालावे, हेही त्यानेच सांगितले.

आता सर्व्हिसिंग किती दिवसांनी करावे? पुष्कळ सभासद म्हणतात, "आमची मोटार वर्षाला तीन हजार किलोमीटरही चालत नाही, मग सर्व्हिसिंग कसले?" येथेच चूक होते. आजच्या बहुतेक मोटारींच्या पुस्तिकेत 10,000 किलोमीटर अथवा एक वर्ष, ह्यांपैकी जे आधी येईल ते, असे लिहिलेले असते. घर ते पेठ एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या मोटारीचे इंजिन पुरते तापत नाही. आतली पाण्याची वाफ व कच्चे इंधन ऑईलमध्ये राहते आणि ते बिघडते. कोठारात पडून राहिलेली डाळ कोणी खाल्ली नाही म्हणून ताजी राहते काय?

धान्याच्या व्यापाऱ्यास आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली धूळ. गोदामासमोर उभ्या राहणाऱ्या वाहनाचा एअर फिल्टर कोंड्याने व भुशाने लवकर भरतो; धुळीच्या जागी चालणाऱ्या वाहनांसाठी पुस्तिकेतच निराळा, कमी अंतराचा हिशोब दिलेला असतो, तो आपला समजावा. दुसरी गोष्ट उंदीर. धान्याच्या वासाने आलेला उंदीर रात्री बॉनेटखाली ऊब शोधतो व वायरी कुरतडतो. विष घालणे आपल्या धर्मात बसत नाही. तेव्हा वाहन गोदामाच्या भिंतीस लावू नये, टपातील सांडलेले दाणे रोज झाडून घ्यावेत आणि सकाळी बॉनेट उघडून एकदा पाहावे. एवढ्याने आमचा त्रास पुष्कळ कमी झाला.

खर्चाच्या हिशोबाकडे वळतो. आपण आयकरासाठी मोटारीवर 15 टक्के घसारा लावतो. कागदावर तो बिनचूक असतो, पण देखभालीसाठी त्यातील एक पैसाही बाजूला पडत नाही. आम्ही 2019 पासून लहान मोटारीसाठी किलोमीटरला दीड रुपया वेगळ्या खात्यात टाकतो. 50,000 किलोमीटरला 75,000 रुपये जमतात. त्यातून साडेसहा हजारांची पाच सर्व्हिसिंगे, म्हणजे 32,500, आणि चार टायर सुमारे 18,000. उरलेल्या 24,500 मध्ये बॅटरी, ब्रेकपॅड, क्लच. गाव व गाडीप्रमाणे आकडे बदलतील, रीत बदलत नाही. विम्यावर भिस्त ठेवू नये; साध्या पॉलिसीत झीज व यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरील कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला, हे बरे झाले. मात्र ज्याचा सारा माल करमुक्त आहे त्या धान्य व्यापाऱ्यास तो कर वजा करून मिळत नाही, तेव्हा तो खर्चातच धरावा.

पासिंगपेक्षा अधिक माल भरणे हाही देखभालीचाच प्रश्न आहे. दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास 2,000, हे सर्वांस ठाऊक आहे. पाटे, टायर व ब्रेक जो दंड वसूल करतात तो पावतीवर दिसत नाही इतकेच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही वर्कशॉपांत गरज नसताना इंजिन धुणे, लेप देणे, अमुक पातळ पदार्थ ओतणे अशा बाबी बिलात चढवितात. पोत्याची वानगी पाहिल्यावाचून सौदा न करणारे आपण येथे मात्र डोळे मिटून सही करतो. पुस्तिकेत नसलेल्या बाबीचे कारण विचारावे, काढलेला जुना भाग परत मागावा, आणि तारीख व किलोमीटर वहीत लिहावेत. आमच्या घरी ही वही सूनबाई ठेवतात. त्यांनी एका बिलात न बदललेल्या फिल्टरची रक्कम पकडली आहे.

आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे की, मृगापूर्वी सभासदांच्या मालवाहू वाहनांची ब्रेक, टायर व वायपर ह्यांपुरती एक दिवसाची तपासणी संघाने ठेवावी. अनेक वाहने एकत्र आल्यास मेकॅनिक दरही वाजवी लावील. त्या दिवशी मालकांनी नव्हे, ड्रायव्हरांनी तक्रारी सांगाव्यात व त्या लिहून घ्याव्यात. वार्षिक सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदन देणाऱ्यांनी आपले नाव आधी कळवावे.