गाजरगवताची गुणी बहीण

गाजरगवताचें नांव कानीं पडतांच अंगास खाज सुटावी, इतकी त्याची कीर्ति! १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेलें हें परदेशी तण पुढें भारतभर पसरलें. त्याच्यापायीं कोणाच्या अंगावर पुरळ उठतें, तर कोणास धाप लागते. परंतु एकाच कुळांत गुणी व अवगुणी अशीं दोन्ही माणसें निपजतात, हें एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. वनस्पतिशास्त्र ज्यांस पार्थेनियम हें एकच कुलनाम देतें, त्यांपैकीं ग्वायूले नांवाचें एक झुडूप उत्तर मेक्सिकोच्या व लगतच्या टेक्ससच्या वाळवंटांत वाढतें. त्याच्या सालींत अस्सल रबर असतें.

रबराचें नेहमींचें झाड म्हणजे हेविया. त्याच्या सालींत चिकाच्या नळ्या असतात. खांच पाडली कीं चीक वाटींत ठिबकतो आणि झाड जगतें. ग्वायूलेचें रबर मात्र एकेका पेशींत कोंडलेलें असतें. सबंध झुडूप कापून भरडल्याखेरीज तें हातीं येत नाहीं. पाणी थोडें पुरतें. पण खटाटोप मोठा.

या झुडपाची आठवण जगास अडचणींतच होते. १९४२ सालीं जपाननें मलाया व डच वसाहती घेतल्या, तेव्हां अमेरिकेचा रबराचा पुरवठा तुटला. सरकारनें घाईघाईनें सुमारें ३२,००० एकरांत ग्वायूलेची लागवड केली. विशेष हें कीं, ज्या जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांस कॅलिफोर्नियांतील मांझनारच्या छावणींत डांबलें होतें, त्यांच्यांतील जाणत्या लोकांनीं तेथेंच हीं रोपें वाढवून संशोधन केलें. युद्ध संपलें, कृत्रिम रबर मुबलक झालें, आणि १९४६ मध्यें योजना गुंडाळून उभीं शेतें जाळण्यांत आलीं. गरज सरो, वैद्य मरो!

पुढें गरज निराळ्या वाटेनें आली. १९८० नंतर एड्सच्या भीतीनें रुग्णालयांत रबरी हातमोज्यांचा वापर अतोनात वाढला, आणि हेवियाच्या चिकांतील प्रथिनांचें कित्येक परिचारिकांस व रोग्यांस वावडें असल्याचें दिसून आलें. ग्वायूलेच्या चिकांत तीं प्रथिनें नसतात. अमेरिकन कृषिखात्यांतील संशोधिका कॅट्रिना कॉर्निश यांनीं हा चीक काढण्याची रीत बसविली. तिचा परवाना घेऊन २००० सालीं ॲरिझोनांत युलेक्स ही कंपनी निघाली, आणि २००८ मध्यें तिच्या हातमोज्यांस सरकारी मान्यता मिळाली. एका बहिणीनें खाज सुटावी आणि दुसरीनें ती टाळावी, हा योग विलक्षण खरा!

२०१२ च्या सुमारास समुद्रांत खेळणाऱ्यांच्या पोषाखांसाठीं पॅटागोनिया या कंपनीनेंही हें रबर घेतलें. मात्र २०१६ च्या पोषाखांत युलेक्सनें शुद्ध केलेलें हेवियाचेंच रबर आलें. गुण मान्य झाला, तरी जम बसला नाहीं. यांत आम्हांस कंपनीचा दोष दिसत नाहीं. भरडलेल्या झुडपांत रबर फार तर दशांश. उरलेल्या लांकडास व राळेस गिऱ्हाईक मिळेपर्यंत हा व्यापार परवडावा कसा?

तरीही हें झुडूप टाकून देणें शहाणपणाचें नाहीं. विमानाच्या चाकांस नैसर्गिक रबरावांचून चालत नाहीं, आणि जगाचें बहुतेक नैसर्गिक रबर आशियांतील एकाच जातीच्या झाडांवर अवलंबून आहे. ब्राझीलमधील हेवियाचे मळे पानांवरील एका बुरशीच्या रोगानें बसविले. तो रोग उद्यां आशियांत शिरला तर? ब्रिजस्टोन कंपनीनें ॲरिझोनांत ग्वायूलेवर चालविलेलें काम, व २०२२ मध्यें अमेरिकेंतील शर्यतीच्या मोटारींस बसविलेले त्याच्या रबराचे टायर, म्हणूनच आम्हांस मोलाचे वाटतात. सुबत्तेच्या दिवसांत चार रोपें जगविणें स्वस्त पडतें. तहान लागल्यावर विहीर खणावयास धांवणें कसें महाग पडतें, याचा धडा १९४२ सालानें दिलाच आहे.